डोंबिवली सोडून रत्नागिरीत राहायला आलो, त्याची सगळी हकिकत

आम्ही डोंबिवलीहून रत्नागिरीला राहायला आलो ते २०२३ च्या एप्रिलअखेरीस, आणि तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, जुने शेजारी, ऑफिसातली मंडळी, माझा मामेभाऊ, की तुम्ही हे जमवलंत कसं, आम्हालाही कोकणात यायचंय, कुठलं गाव बघू, घर घेऊ की भाड्याने राहू, आजारी पडलं तर काय. दर वेळी फोनवर तासभर बोलून होतं तरी अर्धं राहतंच, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. लांब होईल, पण ज्याला खरंच यायचंय त्याला उपयोग होईल असं वाटतं.

आधी घरातली परिस्थिती सांगते, कारण त्यावरच सगळं ठरलं. मी जीएसटी आणि अकाउंट्सची कामं करते, क्लायंट बहुतेक मुंबई-ठाण्याचे, काम घरूनच. नवऱ्याचं ऑफिस मुंबईत पण कोविडनंतर महिन्यातून एकदाच चार-पाच दिवस हजेरी लावावी लागते. लेक तेव्हा सहावी संपवून सातवीत जाणार होती. सासूबाई सोबत, त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही. म्हणजे आम्हाला हवं होतं ते शांत गाव नव्हतंच, आम्हाला हवं होतं चांगली शाळा, नीट दवाखाना, रेल्वे आणि इंटरनेट असलेलं बेताचं शहर, जिथे घरातून निघालं की पंधरा मिनिटांत काम होऊन परत येता येईल. समुद्र यादीत होता, पण अगदी शेवटी होता. हे मुद्दाम सांगतेय कारण फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या यादीत समुद्र पहिला असतो आणि मग डॉक्टर आणि पाण्याची चौकशी घर घेऊन झाल्यावर सुरू होते.

नवऱ्याचं मूळ गाव राजापूर तालुक्यातलं, त्यामुळे कोकणच हे नक्की होतं. यादीत चार नावं होती, अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी आणि सावंतवाडी.

अलिबाग मुंबईला सगळ्यात जवळ, २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आहे, गाडीसकट बोटीत बसा आणि तासाभरात पलीकडे. पण रेल्वे नाही, आणि जमिनीचे, घरांचे, भाड्याचे भाव मुंबईच्या वीकेंडवाल्यांनी ठरवलेले. शनिवार-रविवार रस्ते भरून वाहतात. तिथे राहणाऱ्या माणसाला स्वतःचं गाव आठवड्यातले पाचच दिवस मिळतं असं मला वाटलं.

चिपळूण मनाने फार जवळचं, माझी नणंद तिथे असते. हिरवंगार, वाशिष्ठीच्या काठावरचं, बाजारपेठ मोठी, डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ, स्टेशन जवळ. पण २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही नणंदेच्या घरी साफसफाईला जाऊन डोळ्यांनी बघितलाय. पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत चिखलाची रेघ, फ्रिज उलटा पडलेला, बाजारपेठेत दुकानादुकानातून माल बाहेर काढून टाकलेला. १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, त्यातही पाणी शिरलं होतं. चिपळूणात उंचावरचे भाग आहेत, तिथे पाणी येत नाही, आणि चिपळूणकर पुन्हा उभे राहिले ते ज्या जिद्दीने राहिले त्याला तोड नाही. पण सासूबाईंनी तो चिखल पाहिला होता आणि त्यांना पावसाळ्यात तिथे झोप लागली नसती, हे आम्हाला पुरेसं होतं.

सावंतवाडी दिसायला चौघांत सगळ्यात देखणी, हे मी आजही म्हणते. मधोमध मोती तलाव, काठावर राजवाडा, लाकडी खेळण्यांची दुकानं, राजवाड्यात गंजिफा म्हणजे जुने गोल पत्ते रंगवणारे कारागीर, संध्याकाळी तलावाभोवती फेऱ्या मारणारी माणसं. पण मुंबई फार लांब पडते, नवऱ्याला दर महिन्याला तेवढा प्रवास झेपला नसता. घरात कुणाला मुंबईला जायचं नसेल तर सावंतवाडी जरूर बघा.

राहिली रत्नागिरी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे या आजूबाजूच्या ग्रामपंचायती आता शहराला चिकटल्यात, चालता चालता शहर कुठे संपलं ते कळतच नाही. जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे कलेक्टर ऑफिस, कोर्ट, जिल्हा शासकीय रुग्णालय, आरटीओ सगळं इथेच. गोगटे-जोगळेकर कॉलेज आहे, इंजिनीअरिंग आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. लेकीला बारावीनंतर काही करायचं झालं तरी लगेच घर सोडावं लागणार नाही, हा विचार माझ्या मनात बराच होता.

आता प्रत्यक्ष काय केलं ते. डिसेंबरात एकदाही बघायला आलो नाही. डिसेंबर-जानेवारीत कोकणातलं कुठलंही गाव सुंदरच दिसतं, त्यातून काही कळत नाही. आम्ही मे महिन्यात आलो, भर जुलैत आलो, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आलो. मे महिन्यात पाणी कळतं, जुलैत रस्ते, छपरं आणि लाईट कळते, ऑक्टोबरात घामाने जीव नकोसा झाला की आपल्याला ही हवा मानवते का ते कळतं. हॉटेलात न राहता शक्य तेव्हा घरगुती खोली घेतली आणि फिरण्याऐवजी रोजची कामं करून बघितली, भाजी आणली, सासूबाईंची शुगर लॅबमध्ये तपासून घेतली, रात्री साडेनऊला मेडिकल उघडं असतं का ते बघितलं, लॅपटॉप उघडून एक अख्खा दिवस काम केलं. शहरात एसटीच्याच शहरी बसगाड्या चालतात, त्यातून मारुती मंदिर ते स्टँड, स्टँड ते भाट्ये, कुवारबाव असं हिंडलो. बसमध्ये बायका जे बोलत असतात त्यातून गावाची जेवढी माहिती मिळते तेवढी कुठेच मिळत नाही, कुठल्या वाडीत पाणी कमी येतं, कुठला डॉक्टर नीट ऐकून घेतो, कुठल्या बिल्डिंगला गळती आहे, सगळं.

रत्नागिरीची ठेवण आधी समजून घ्यावी लागते. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे, माळनाका हा वरचा जांभ्याचा सडा, म्हणजे दगडी पठार, आणि राम आळी, गोखले नाका, टिळक आळी, मांडवी, मिरकरवाडा हा खालचा जुना भाग समुद्राकडे उतरत गेलेला. खाली बाजार, बंदर, जुनी घरं, गोड वातावरण, पण गल्ल्या अरुंद आणि हवा दमट. वर मोकळं, वारा चांगला, नव्या बिल्डिंगा, पण उन्हाळ्यात सडा तापतो. स्टेशन शहराच्या बाहेर कुवारबावच्या बाजूला आहे, सहा-सात किलोमीटरवर, आणि नवऱ्याला रात्रीची कोकणकन्या पकडून पहाटे मुंबईत उतरायचं असतं, त्यामुळे आम्ही वरच्या बाजूला शोधायचं ठरवलं.

भाड्याचं घर शोधणं हे मुंबईसारखं नाही. मोबाइलवर पाच-दहा जाहिराती दिसतात, त्यातल्या निम्म्या जुन्या. खरी घरं तोंडी मिळतात, किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, वाचनालयातला काउंटरवरचा माणूस, बँकेत बदलून आलेले कर्मचारी, यांना सांगून ठेवायचं आणि मग वाट बघायची. पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच, पहिला प्रश्न असतो "तुम्ही कुठचे?" राजापूरचं नाव घेतलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे करतो आणि मग त्यांच्या मावशीचं सासर राजापूरला कुठे होतं त्यावर अर्धा तास जातो. हा अर्धा तास मनापासून द्यावा, घाई करू नये. मालक आपल्या घरात माणूस घेत असतो, नुसता भाडेकरू नाही, आणि कितीतरी घरं अशी आहेत की मुलं मुंबई-पुण्याला, आईवडील दोघंच, वरचा मजला रिकामा, भाड्याची गरज नाही पण सोबत हवी आहे.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटली नाही आणि ती लिहितेच. काही ठिकाणी मासे-मटण खाणाऱ्यांना घर देत नाही असं तोंडावर सांगितलं गेलं, एका ठिकाणी आडनावावरून पुढचे प्रश्न बदलले. ज्या शहरात १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून आणि सावरकरांच्या पुढाकाराने पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत दार उघडलं, त्या शहरात घर देताना हे व्हायला नको. अशी घरं थोडी होती, पण होती, आणि नव्याने येणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी.

शेवटी घर मिळालं ते नाचण्याच्या बाजूला, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं दोनमजली घर, खाली मालकीणकाकू एकट्या, वर आम्ही. परड्यात विहीर, दोन हापूस, एक रायवळ, फणस, नारळ. काकूंनी आम्हाला घर दाखवलं त्याच्या आधी विहीर दाखवली. "मे महिन्यातसुद्धा तळ दिसत नाही हो, बघून घ्या," म्हणाल्या. आम्ही खरंच मे महिन्यात परत येऊन बघितली, आणि त्यांना त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं.

इथे एक महत्त्वाचा मुद्दा, घर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, हे पहिल्या दिवशी विचारा. रस्त्याच्या एका बाजूला नगरपरिषद आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत असं इथे बऱ्याच ठिकाणी आहे. पाण्याची लाईन, कचरा उचलणं, घरपट्टी, सगळं त्याप्रमाणे बदलतं. शहराला शीळच्या धरणाचं पाणी येतं, ग्रामपंचायतींच्या योजना वेगळ्या. नळ किती वाजता येतो आणि किती वेळ राहतो ते मालकाला विचारायच्या ऐवजी शेजारणीला विचारा. साठवणीची टाकी किती लिटरची, विहीर असेल तर मे महिन्यात पाणी किती, आणि पंप लाईट नसताना चालणार नाही हेही लक्षात ठेवा.

कागदपत्रांचं भराभर सांगते. लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाईन नोंदवता येतो, एजंट घरी येऊन सगळ्यांचे अंगठे घेऊन जातो, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आणि नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १००० रुपये, ग्रामीण हद्दीत ५००. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम, पण काकूंना जमणार नव्हतं म्हणून आम्हीच त्यांच्या सोबत बसून केलं. मग तोच नोंदवलेला करार दाखवून आधारचा पत्ता, गॅस, बँक, मतदार यादीसाठी ८ नंबरचा फॉर्म. नोंदणी नसलेला नुसता स्टॅम्पपेपरवरचा करार घेऊ नका, पुढे प्रत्येक खिडकीवर अडतं. शाळेसाठी एलसी, आधार आणि मुलाचा पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) लागतो, जुन्या शाळेकडून तो आधीच मागून घ्या, मे महिन्यात शाळेत माणूस भेटत नाही. इथे फाटक, पटवर्धन, शिर्के ही जुनी नावाजलेली हायस्कुलं आहेत, मराठी आणि सेमी दोन्ही, आम्हाला सेमी हवं होतं ते मिळालं.

सामान आणताना टेम्पोवाल्याने मुंबई-गोवा हायवे नको म्हणून पुणे-कोल्हापूर करून आंबा घाटातून यायचं ठरवलं. लांब पडलं, डिझेल जास्त गेलं, पण काचेचं एकही भांडं फुटलं नाही. हायवेच्या चौपदरीकरणाचं काम इतकी वर्षं चाललंय की सामान हलवणारे अजूनही आधी रस्त्याची चौकशी करतात आणि मग भाडं सांगतात.

एप्रिलअखेरीस आलो ते बरं झालं, कारण पावसाळ्याची तयारी काकूंच्या हाताखाली शिकता आली. मुंबईत पावसाळा म्हणजे छत्री आणि लोकल बंद, एवढंच आपल्याला माहीत. रत्नागिरीत वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. काकूंनी पहिल्या आठवड्यातच मला हाक मारून सांगितलं, "अगो, जे काय वाळवायचं ते वीस मेच्या आत. नंतर ढग आले की ऊन तुझ्या हातात नाही." मग मिरच्या वाळवून मसाला, कोकमं फोडून आमसुलं, कैरीच्या आंबोश्या, कुळीथ, कडवे वाल, उकडा तांदूळ, सुकट, सोडे, सगळं डब्यात बंद. जळण नाही लागत आम्हाला, पण काकूंच्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापतं, त्यांची लाकडं आणि झावळ्या पडवीत रचायला आम्ही सगळे लागलो. पश्चिमेच्या बाजूने झड येते म्हणून तिकडच्या खिडक्या-पडवीला ताडपत्री, पूर्वी झाप बांधायचे. कौलं शाकारून घेतली, पन्हळीतला पाचोळा काढला, नारळाच्या सुकलेल्या झावळ्या उतरवल्या कारण वाऱ्यात त्या कौलांवर पडल्या की कौलं गेली.

वारा काय असतो हे इथल्या लोकांना विचारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मिऱ्याच्या किनाऱ्यावर बसरा स्टार नावाचं जहाज येऊन अडकलं. वादळ नसलं तरी जून-जुलैत रात्री असा वारा सुटतो की पहिल्या पावसात लेक आमच्या खोलीत येऊन झोपायची.

आणि मग पाऊस सुरू झाला की काय काय होतं ते सांगते, म्हणजे कुणी नुसते फोटो बघून येणार नाही. कपडे वाळत नाहीत, दोरी घरातच. कपाटात बुरशी धरते, चामड्याच्या चपला, बेल्ट, पर्स हिरव्या होतात, आम्ही कपाटात कापूर ठेवतो आणि आठवड्याला एकदा सगळं उघडून पंख्याखाली ठेवतो. मिठाला पाणी सुटतं. पायऱ्यांवर शेवाळ, चुन्याची फक्की मारून खराट्याने घासावं लागतं, घरात वयस्कर माणूस असेल तर यात आळस करूच नका. फुरसं हा साप या भागात बराच, जांभ्याच्या गडग्यात आणि पाचोळ्यात असतो, त्यामुळे रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाऊल नाही, चपला झटकून घालायच्या, हे लेकीला पहिल्या दिवसापासून शिकवलं. लाईट जाते, कधी तासभर, कधी झाड पडलं तर रात्रभर. इन्व्हर्टर घेतला, बॅटरी मोठी घेतली.

माझ्या कामाला ११ आणि २० या दोन तारखा जिवावरच्या, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, ही जीएसटीची दोन रिटर्न भरायची असतात. जुलैत एका ११ तारखेच्या आदल्या संध्याकाळी वारा सुटला आणि फायबर गेलं. तेव्हापासून दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि हॉटस्पॉट हाताशी, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत सगळी रिटर्न दोन-तीन दिवस आधी भरून टाकते. क्लायंटना जूनमध्येच मेसेज जातो की बिलं लवकर पाठवा, इथे पाऊस आहे. सुरुवातीला मला संकोच वाटायचा, आता तेच लोक विचारतात की यंदा पाऊस कसा आहे.

हे सगळं वाचून कुणी घाबरेल, पण मला हेही सांगायचंय की पहिल्या पावसाळ्यातच हे गाव आमचं झालं. एका रात्री लाईट नव्हती, सासूबाईंची शुगर उतरली, घाम फुटला, आम्ही धावपळ करतोय तोवर काकू वाटीत गुळपाणी घेऊन वर आल्या आणि शेजारचा मुलगा सांगायच्या आधी रिक्षा घेऊन दारात उभा. दवाखाना दहा मिनिटांवर. डॉक्टर झोपेतून उठून आले. डोंबिवलीत आमचे शेजारी वाईट नव्हते, पण तिथे रात्री कुणाला उठवायचं म्हणजे दहा वेळा विचार करायचो.

दवाखान्याचं खरं चित्र मात्र सांगायलाच हवं. रोजच्या आजारांना, बाळंतपणाला, हाड मोडलं तर, शहरात सोय चांगली आहे, खाजगी डॉक्टर भरपूर, सरकारी रुग्णालय मोठं. पण हृदयाचं किंवा मेंदूचं मोठं काही असलं तर लोक अजूनही कोल्हापूर गाठतात, १३० किलोमीटरच्या आसपास, मध्ये आंबा घाट, नाहीतर मुंबई-पुणे. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी येण्याआधी त्यांच्या डॉक्टरशी बोलून, इथला कुठला डॉक्टर पुढे बघणार ते ठरवूनच पाऊल उचलावं. आम्ही सासूबाईंची फाईल घेऊन इथल्या फिजिशियनला येण्याच्या आधीच भेटलो होतो.

मासे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळात मिरकरवाडा बंदर शांत, सुकी मासळी आणि खाडीतलं जे मिळेल ते. ऑगस्टपासून बोटी निघाल्या की सकाळी बंदरावर जायचं, टोपल्या उतरताना, लिलाव चालू असताना, बर्फाचा आणि माशाचा वास, कोळणींचा आवाज, वाट्याने मिळणारे बांगडे, पेडवे, सौंदाळे. तिथल्या एका मावशींनी मला बांगडा ताजा कसा ओळखायचा ते डोळा आणि कल्ला दाखवून शिकवलं आणि आता मी दुसरीकडे उभी दिसले तर रागावतात. सरंगा-पापलेट इथेही महाग आहे, बंदर आहे म्हणून स्वस्त मिळेल असं समजू नका, पण ताजेपणाची तुलनाच नाही.

लेकीचं पहिले दोन महिने जड गेलं हे खरं, डोंबिवलीच्या मैत्रिणी, क्लास, मॉल, सगळं सुटलं. मग शाळेत नाटकात घेतलं आणि ती रुळली. या शहराला नाटकाचं आणि गाण्याचं वेड आहे, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी इथल्या सावरकर नाट्यगृहात होते तेव्हा रात्री थिएटर भरतं, आणि थिबा पॅलेसच्या अंगणात थंडीत होणारा संगीत महोत्सव, तिथे आम्ही सगळे सतरंजीवर बसून ऐकलं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, हा राजवाडा १९१० च्या सुमाराला झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला, घरापासून हजारो किलोमीटरवर. लेकीने शाळेत त्यावर निबंध लिहिला, कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना नगर वाचनालय सापडलं, १८२८ सालापासूनचं, त्या आठवड्यातून दोनदा पुस्तक बदलायला जातात आणि तिथल्या बायकांचा एक गटच झालाय. शिमग्याला ग्रामदैवत भैरीची पालखी फिरते तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर असतं, आम्हीही असतो.

काय नाही तेही सांगते. मोठ्या नोकऱ्या फारशा नाहीत, नवरा-बायको दोघांनी इथेच नोकरी शोधायची म्हटलं तर अवघड, एमआयडीसी आहे पण मर्यादित. इथलीच तरुण मुलं मुंबई-पुण्याला जातात आणि बाहेरून आपण येतो, याचं मला वाईट वाटतं, म्हणून मी माझ्या हाताखाली इथल्याच दोन बी.कॉम. झालेल्या मुलींना घेतलंय, त्या शिकतायत, चांगल्या आहेत. गणपतीत आणि मे महिन्यात रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळत नाही, नवऱ्याने दिवा-रत्नागिरी पॅसेंजरमधूनही उभ्याने प्रवास केलाय. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेग कमी करते, गाड्यांना वेळ जास्त लागतो, तेवढा धरूनच मिटींग ठेवायची.

राहायला नाही, नुसतं बघायला यायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच, गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन परत पळू नका, शहरात दोन-तीन रात्री राहा. टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर, पतितपावन, रत्नदुर्गावरचं भगवतीचं देऊळ, संध्याकाळी मांडवीची काळी वाळू आणि खाडीपलीकडचा भाट्येचा किनारा, थिबा पॉइंटवरून दिसणारी काजळी नदी, आरे-वारेचा रस्ता. मात्र आरे-वारे आणि गणपतीपुळे इथे समुद्रात उतरू नका, पावसाळ्यात तर नाहीच, किनारा उतरता आहे आणि ओढ जबरदस्त, दर वर्षी पोहता येणारी तरुण मुलंही बुडतात. इथले लोक ओरडून सांगतात तेव्हा ऐका.

आता घर विकत घेण्याचं. सगळे हाच प्रश्न विचारतात. आम्ही आल्या आल्या काही घेतलं नाही, भाड्याने राहून पावसाळा काढायचा हे आधीच ठरवलं होतं आणि दुसऱ्या कुणालाही तेच सांगेन. जुलैत बाहेरून चकाचक दिसणाऱ्या बिल्डिंगांच्या भिंतींना आतून ओल आलेली मी बघितली आहे, आणि चाळीस वर्षांच्या चिऱ्याच्या घरात कोरडी भिंतही. जागा घेऊन घर बांधायचं म्हणाल तर सातबारा बघताना जीव थकतो, एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, कितीही गोड बोललं तरी. शेतजमीन शेतकरी असल्याशिवाय घेता येत नाही, आमच्याकडे राजापूरचा सातबारा आहे म्हणून आम्हाला तो रस्ता मोकळा, इतरांनी बिनशेती झालेलाच प्लॉट बघावा आणि बिनशेतीचा आदेश स्वतः वाचावा. समुद्राजवळ किंवा खाडीजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, आधी तपासा. आणि प्लॉटपर्यंत जाणारा रस्ता कागदावर आहे का ते बघा, पाखाडी म्हणजे दगडी पायवाट आहे पण गाडीरस्ता नाही, आणि पाखाडी दुसऱ्याच्या जागेतून, असं सर्रास असतं.

सध्या आम्ही साळवी स्टॉपच्या पुढे एक फ्लॅट बघून ठेवलाय, दुसऱ्या मजल्यावर, भोगवटा प्रमाणपत्र असलेला, सोसायटीची स्वतःची विहीर आहे, आणि गेल्या जुलैत भर पावसात तीन वेळा जाऊन त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून आलोय. वकिलांकडे मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च चालू आहे. तो नीट आला तर पुढच्या पाडव्याच्या आधी व्यवहार, नाही आला तर काकूंनी करार वाढवून द्यायचं कबूल केलंय, फक्त त्यांची एकच अट आहे की विहिरीचा पंप यंदा आम्ही दुरुस्त करून घ्यायचा.